रोग वेलीवर, उपाय गावकीत

माघ सरत आला की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील भातखाचरांत जी थोडीफार हिरवळ उरते, ती वालाची, भाजीपाल्याची आणि कालव्याच्या किंवा विहिरीच्या आधाराने लावलेल्या कलिंगडाची असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेणारा हा मुलूख. तथापि दिवाळीनंतर आभाळ कोरडे होते ते मृगापर्यंत, आणि फाल्गुन-चैत्रात येथील खाचरे एखाद्या मरुभूमीसारखी भेगाळतात. अशा भूमीत कलिंगड चांगले येते यात नवल नाही. ते मुळातच ईशान्य आफ्रिकेतील रुक्ष प्रदेशाचे फळ आहे. सुदानमधील कोर्दोफान भागात त्याचा अगदी जवळचा रानटी नातलग आढळतो. जिथे पाणी दुर्मिळ, तिथे ते पोटात साठवून ठेवणारे हे फळ कोकणच्या उन्हाळ्याला मानवले, आणि भातानंतर रिकाम्या पडणाऱ्या जमिनीतून चार पैसे मिळवून देणारे पीक म्हणून येथील शेतकऱ्याने ते आपलेसे केले.

भातानंतरच्या या दुसऱ्या पिकाचे महत्त्व शहरातील वाचकाला सहसा उमगत नाही. अर्ध्या-एक एकराच्या खाचरातील भात घरात खायला पुरतो. मुलाची फी, मुलीचे लग्न, आजारपणाचा खर्च त्यातून निघत नाही. तो निघायचा तर उन्हाळ्यात जमिनीने काहीतरी दिले पाहिजे. या दोन तालुक्यांना त्या बाबतीत एक विशेष अनुकूलता लाभली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेल्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. वीज मुंबईला गेली. पण जनित्रे फिरवून झालेले पाणी खाली उतरले. भिवपुरीचे पाणी राजनाल्याने कर्जतच्या शिवारात खेळले, खोपोलीचे पाताळगंगेला मिळाले. ज्या गावांना या पाण्याचा लाभ झाला तेथे उन्हाळी भात आला, भाजीपाला आला आणि कलिंगडही आले. मुंबई, कल्याण, पनवेल, वाशी या बाजारपेठा हाकेच्या अंतरावर आहेत. याहून सोयीची जागा शोधूनही सापडायची नाही.

परंतु कलिंगड जिथे जिथे लावले जाते तिथे तिथे त्याच्या मागे एक संकट असते, आणि त्या संकटाचे स्वरूप नीट समजून न घेतल्यामुळे शेतकऱ्याचा पैसा व श्रम वाया जातात. हे संकट म्हणजे किडींमार्फत पसरणारे विषाणूजन्य रोग.

शेंडा उभा राहतो तेव्हा

लावणीनंतर सुमारे महिन्याभराने, वेल जमिनीवर पसरण्याच्या ऐन वयात, तिचा शेंडा एके दिवशी उचललेला दिसतो. तो पसरत नाही, ताठ उभा राहतो. पेरे आखूड होतात, पानांवर पिवळसर ठिपके पडतात, वेलीवर तपकिरी रेघा उमटतात आणि अखेर शेंडा करपून जातो. फळ धरलेच तर त्यावर डाग व वलये उठतात आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी हा शेंडेमर रोग विषाणूमुळे होतो हे दाखविले. पुढे तो विषाणू स्वतंत्र जातीचा असल्याचे सिद्ध झाले आणि तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील कलिंगडांत आढळला. त्याचा वाहक आहे फुलकिडा: तिळाहूनही लहान, पानाच्या खालच्या बाजूला किंवा फुलात दडून बसणारा, सहजी डोळ्यांना न दिसणारा कीटक.

हा एकच रोग आहे असे नव्हे. मावा या किडीमुळे पसरणारे मोझॅक प्रकारचे रोग आहेत. त्यांत पाने चट्ट्यापट्ट्यांची, सुरकुतलेली होतात. पांढऱ्या माशीने पसरणारे रोगही काकडीवर्गीय पिकांना होतात. परंतु शेंडेमर हा त्यांतला घातकी, कारण तो लवकर आला तर शेताच्या शेत हातचे जाते. शिवाय तो येतो तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. बियाणे, खत, आच्छादनाचा कागद, ठिबकच्या नळ्या, मजुरी असा बहुतेक सगळा खर्च पहिल्या महिन्यातच होऊन गेलेला असतो. पैसा जमिनीत आणि फळाचा पत्ता नाही, अशा अवस्थेत शेतकरी सापडतो.

कर्जत-खालापुरात या तोट्याला आणखी एक अर्थ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला आणि तेव्हापासून येथील जमिनीकडे शेतीची जमीन म्हणून पाहणारे डोळे कमी होत गेले. शेतघरे, बंगले, गुंतवणुकीचे भूखंड यांना येथे गिऱ्हाईक सदैव तयार असते. ज्या घरी उन्हाळी पीक दोन वर्षे लागोपाठ बुडाले, त्या घरच्या तरुणाला ‘जमीन ठेवून करायचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण जाते. कलिंगडाच्या रोगाचा प्रश्न हा म्हणून केवळ वनस्पतिशास्त्राचा प्रश्न राहत नाही.

कीड आणि विषाणू यांची भागीदारी

पिकाचा रोग किडीच्या तोंडून पसरतो हे ज्ञान फार जुने नाही, आणि ते प्रथम प्रयोगशाळेत लाभले असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमधील हाशिमोतो नावाच्या एका भातशेतकऱ्याने आपल्या शेतातील खुजे राहणारे भात आणि त्यावरील तुडतुडे यांचा संबंध ताडून पाहिला. विषाणू ही संकल्पनाही त्या वेळी जगाला ठाऊक नव्हती. त्याला दिसले ते एवढेच, की तुडतुडे जिथे जातात तिथे रोग जातो. भाताच्या मुलखातील वाचकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नीट पाहणारा शेतकरी हा संशोधकाच्या बरोबरीचा असतो.

आता ही भागीदारी सर्व किडींच्या बाबतीत सारखी नसते. मावा रोगट पानात सोंड खुपसतो तेव्हा अवघ्या काही सेकंदांत विषाणू त्याच्या सोंडेला लागतो. दुसऱ्या वेलीवर बसून चव पाहताच तो तिथे सोडला जातो आणि थोड्याच वेळात मावा पुन्हा निर्धोक होतो. फुलकिड्याची तऱ्हा निराळी आहे. तो विषाणू घेतो तो फक्त बालपणी, अळीच्या अवस्थेत. मग विषाणू त्याच्या शरीरात वाढतो, आणि पंख फुटून तो प्रौढ झाला की मरेपर्यंत, जिथे जिथे तोंड लावील तिथे तिथे रोग देत जातो. पिल्लू असताना निरोगी वेलीवर वाढलेला फुलकिडा मोठेपणी रोगट वेलीवर बसला, तरी तो रोगाचा वाहक होत नाही.

या दोन तऱ्हांमधून जो निष्कर्ष निघतो तो फार महत्त्वाचा आहे. माव्याच्या बाबतीत औषध लागून कीड मरण्याआधीच रोग देऊन झालेला असतो. फुलकिड्याच्या बाबतीत रोग घेऊन येणारा प्रौढ कीटक बाहेरून, दुसऱ्याच्या शेतातून किंवा बांधावरच्या तणातून उडत येतो. तो मेला तरी उद्या दुसरा येतो. आणि एकदा विषाणू वेलीत शिरला की तिला बरे करणारे औषध जगात कुठेही नाही. बुरशीवर औषध आहे, जिवाणूवर काही प्रमाणात आहे. विषाणूग्रस्त वेलीवर नाही.

फवारणीचा मोह

वास्तविक एवढे कळल्यावर फवारणीचा सपाटा थांबायला हवा. प्रत्यक्षात घडते ते उलट. शेंडा उभा राहिला की शेतकरी कृषी सेवा केंद्र गाठतो, दुकानदार एक बाटली देतो, आठ दिवसांनी दुसरी, मग दोहोंचे मिश्रण. दुकानदाराला दोष देऊन भागत नाही. दारात आलेल्या माणसाला काहीतरी देणे हा त्याचा व्यवसाय आहे. एका कृषी सहायकाच्या माथी अनेक गावे असल्यावर शेतकऱ्याने सल्ला विचारायचा तरी कोणाला?

परंतु या मोहाची किंमत केवळ बाटलीपुरती नसते. कलिंगडाच्या वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मधमाशीने पराग वाहून नेला तरच फळ धरते, आणि पुरेशा फेऱ्या झाल्या नाहीत तर फळ वाकडे होते. फुलोऱ्यात सकाळी विषारी फवारणी करणारा शेतकरी आपल्या फळधारणेवरच विष टाकीत असतो. एकच औषध वारंवार वापरल्याने किडीत त्याला न जुमानणारी पिढी तयार होते. आणि माणसाचे काय? २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती घटना विदर्भातली म्हणून कोकणाने विसरावी अशी नाही.

फवारणी सर्वथा निरुपयोगी आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. रोपे लहान असताना, किडीची संख्या पाहून, विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे केलेली मोजकी फवारणी शेतातल्या शेतात वाढणारी फुलकिड्यांची पिल्ले कमी करते, आणि त्यामुळे रोगाचा पुढचा प्रसार मंदावतो. फवारणी मदतीला आहे. तिच्यावर सारी भिस्त ठेवता येत नाही, एवढाच मुद्दा आहे.

शेतात करावयाचे ते

मग भिस्त कशावर ठेवायची? पहिली गोष्ट म्हणजे रोप. विषाणू जितक्या कोवळ्या वयात शिरेल तितकी हानी अधिक. म्हणून बी थेट शेतात टोकण्याऐवजी बारीक जाळीच्या आत रोपे वाढवून लावली, तर पहिले नाजूक दिवस सुरक्षित जातात. दुसरी गोष्ट आच्छादन. रुपेरी रंगाच्या कागदावरून परावर्तित होणाऱ्या उजेडाने मावा व फुलकिडे बिचकतात. वेलीने कागद झाकून टाकेपर्यंत हा लाभ मिळतो. तिसरी गोष्ट म्हणजे लावणीपूर्वीच शेताच्या कडेने मका किंवा ज्वारी यांच्या दोन-तीन दाट ओळी. बाहेरून येणारी कीड प्रथम त्यांवर उतरते, आणि माव्याच्या सोंडेचा विषाणू तिथेच पुसला जातो. चौथी गोष्ट पातळ कापडी आच्छादनाची. लावणीपासून फुलोऱ्यापर्यंत वेली झाकून ठेवण्याची ही पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रुळली आहे. मादी फुले दिसू लागली की मात्र ते कापड काढलेच पाहिजे, नाहीतर मधमाशीला वाट राहणार नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि मनाला सर्वांत जड आहे. शेंडा उभा राहिलेली वेल दिसताच उपटायची आणि पुरून टाकायची. ती बांधावर फेकायची नाही, कारण तिथूनही कीड उडते. हातची वेल उपटताना जीव कचरतो. ‘दोन फवारण्यांत सुधारेल’ ही आशा सुटत नाही. पण ती सुधारणार नसते, आणि तिच्यावर वाढणारे प्रत्येक पिल्लू उद्या नव्या वेलीला रोग देणार असते.

शेजाऱ्याची वेल

हे सर्व उपाय एका शेतकऱ्याने चोख केले आणि शेजाऱ्याने केले नाहीत, तर काय होईल? येथेच या प्रश्नाची खरी गाठ आहे. एका शिवारात कोणी मार्गशीर्षात लावतो, कोणी पौषात, कोणी माघात. पहिल्याला लवकरचा चढा भाव हवा असतो, दुसऱ्याचे भात उशिरा निघालेले असते, तिसऱ्याला उन्हाळ्यातील मोठी मागणी साधायची असते. प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे. परंतु पहिल्याच्या जुन्या वेलीवर वाढलेले रोगवाहक फुलकिडे नेमके तिसऱ्याच्या कोवळ्या रोपांवर उतरतात. शिवाय पावसाळ्यात वरकस जमिनीवर आणि मांडवांवर घेतलेली काकडी, शिराळी, कारली, दुधी ही सारी कलिंगडाचीच भावकी. त्यांच्या वाळत चाललेल्या वेली कार्तिकानंतरही उभ्या राहिल्या, तर जुन्या हंगामाचा रोग नव्या हंगामाला मिळण्याची वाट मोकळी राहते. जळगावच्या केळीवर मावा जो ‘हरण्या’ पसरवतो, त्याचा विषाणू काकडीवर्गातही वाढतो. म्हणून केळीजवळ ही पिके घेऊ नयेत असे तेथील शेतकऱ्यांना सांगावे लागते. शेजारच्या पिकाचा विचार केल्याशिवाय आपले पीक वाचत नाही, हाच तो धडा.

खऱ्याखुऱ्या वाळवंटातल्या शेतकऱ्यांनी तो आपल्याआधी घेतला. कॅलिफोर्नियातील इम्पीरियल खोरे हे कालव्यावर जगणारे वाळवंट आहे. २००६ साली तेथील खरबूजवर्गीय पिकांवर पांढऱ्या माशीने पसरणारा एक नवा विषाणू आला. वसंतातील पीक माशी वाढण्यापूर्वी बरेचसे हाती लागे. शरदातील पीक मात्र कोवळ्या वयातच माशीच्या तोंडी जाई. औषधे दोन्ही हंगामांत होती. फरक पडला तो लावणीच्या वेळेने. इस्रायलमधील अरावा वाळवंटात टोमॅटोवरील विषाणूसाठी शेतकऱ्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. उन्हाळ्याचा ठरावीक काळ साऱ्या भागातच ते पीक ठेवायचे नाही, असे त्यांनी ठरविले, आणि रोगाची साखळी तुटली. महाराष्ट्रालाही ही कल्पना परकी नाही. २०१७ साली शेंदरी बोंडअळीने कपाशीचा घात केल्यानंतर फरदड घेऊ नका, हंगामपूर्व लावणी करू नका, असा आग्रह शासनाला धरावा लागला, आणि त्यासाठी जूनपूर्वी बियाणे विकण्यावर निर्बंध घालावे लागले.

कर्जत-खालापूरला निसर्गाने हे काम निम्मे करून दिले आहे. चार महिने खाचरे पाण्याखाली असतात. तिथे कलिंगडाची वेल जगूच शकत नाही. उरलेले निम्मे माणसांनी करावयाचे आहे. पावसाळी वेली वेळीच काढून टाकणे, आणि एका शिवारातील लावणी एका पंधरवड्यात उरकणे.

यावर रास्त आक्षेप असा की, सर्वांनी एकदम लावले तर सर्वांचे फळ एकदम निघेल आणि भाव कोसळेल. या आक्षेपाला झटकून टाकता येणार नाही, कारण कोसळलेला भाव हाही एक रोगच आहे. परंतु उत्तर आहे. एकाच शिवारात वेळा भिन्न असणे घातक. दूरदूरच्या गावांत त्या भिन्न असणे तितके घातक नाही. राजनाल्यावरच्या एका गावाने पहिला पंधरवडा घ्यावा, पाताळगंगेकाठच्या दुसऱ्याने पुढचा. बाजारात माल टप्प्याटप्प्याने जाईल आणि शिवारात रोगाला शिडी मिळणार नाही. शिवाय शंभर टक्के पीक थोड्या कमी भावाने विकणे हे निम्मे पीक गमावून चढ्या भावाची वाट पाहण्यापेक्षा बरे, हे हिशेबी माणसाला सांगावे लागू नये.

गावाला हे जमेल काय? भात निघाल्यावर गुरे कधी मोकळी सोडायची, हे कोकणातील गावे पूर्वापार एकमेकांच्या विचाराने ठरवीत आली आहेत. एकाने हट्टाने पीक उभे ठेवले तर कुंपण त्याने घालायचे, हेही त्यात आले. पिकाच्या वेळेबाबत एकत्र निर्णय घेण्याची सवय या मातीत आहे. किंबहुना कायद्यानेही हे तत्त्व मान्य केलेले आहे. शेतीच्या कीड-रोगांविषयी १९४७ साली तत्कालीन मुंबई प्रांतात जो कायदा झाला, त्याचा पायाच असा की, माझ्या शेतातील रोग ही माझी खाजगी बाब नव्हे.

वाचकांचा वाटा

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. कर्जतच्या लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या कित्येकांच्या नावावर गावी चार गुंठे जमीन असते आणि ती पडीक असते. तिच्यावरचे तण आणि परसातली जुनी वेल शेजाऱ्याच्या कलिंगडाची वैरीण ठरू शकते. शेतघरांचे धनीही याच न्यायाने गावाचे शेजारी आहेत. वर्षातून चार दिवस येणाऱ्यालाही शेजारधर्म चुकत नाही.

दुसरा संबंध ज्ञानाचा. ग्रामसभा २ ऑक्टोबरला भरते, भात कापणीला येण्याच्या सुमारास. लावणीचा पंधरवडा ठरवायला याहून योग्य दिवस नाही. १ मेची ग्रामसभा भरते तेव्हा कलिंगडाचा हंगाम संपत आलेला असतो. निघालेल्या शेतातील वेली नष्ट करण्याचा ठराव त्या दिवशी व्हावा. हे ठराव मांडायला जो नेटका कागद लागतो तो गावातील शिकलेल्या माणसाने लिहावा. माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाने चार निळे चिकट सापळे शिवारात लावून दर आठवड्याला त्यांवरचे फुलकिडे मुलांकडून मोजून घेतले, तर कीड कधी वाढते याची नोंद गावाला घरबसल्या मिळेल आणि मुलांना खरेखुरे जीवशास्त्र शिकायला मिळेल. ही नोंद कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रापर्यंत पोचली पाहिजे. भाताच्या वाणांना ज्या केंद्राने कर्जतचे नाव दिले, त्या केंद्राने आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने भातानंतरच्या पिकाच्या रोगांकडे गाव हे एकक धरून पाहावे, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये.

आणखी एक काम सुशिक्षितांनीच करावे लागेल. २०२०च्या उन्हाळ्यात राज्यातील टोमॅटोवर विषाणूरोग आला, तेव्हा करोनाच्या भयाने ग्रासलेल्या दिवसांत टोमॅटो खाल्ल्याने माणसाला बाधा होईल अशी आवई उठली. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. पण आवई बाजारात पोचते आणि रोगाने वाचवलेले फळ अफवेने कुजते. अशा वेळी शिक्षकाचा एक शांत शब्द शेतकऱ्याला बाटलीभर औषधापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

शेतकऱ्याला अनुदान, कर्ज, विमा हे सारे मिळाले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात उडत जाणाऱ्या फुलकिड्याला सातबाऱ्यावरच्या रेघा दिसत नाहीत. त्याच्याशी सामना करावयाचा तर त्या रेघांपलीकडे पाहण्याची तयारी गावाला ठेवावी लागेल, आणि त्यासाठी येत्या ऑक्टोबरातील ग्रामसभेत तासभर बसण्यापलीकडे आरंभी तरी फारसा खर्च नाही.